संवेदनशील स्पीकरसाठी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कसा निवडावा

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर, घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. स्पीकर ८५-८६ डेसिबल संवेदनशीलतेचे असतील तर तो प्रश्न योग्यच आहे. पण ज्यांच्याकडे ९५ डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचे हॉर्न, मोठ्या वूफरचे जुन्या घडणीचे किंवा एकाच ड्रायव्हरचे फुल-रेंज स्पीकर आहेत, त्यांचा वॅटचा हिशेब पाच मिनिटांत संपतो आणि खरा निर्णय दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतो. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, जो ओहममध्ये मोजतात) त्या स्पीकरच्या इंपीडन्सशी कसा जुळतो ही पहिली गोष्ट, आणि गाणे सुरू नसताना ॲम्प्लिफायर किती शांत राहतो ही दुसरी. माहितीपत्रकांत या दोन्ही गोष्टी क्वचितच नीट छापलेल्या असतात, म्हणून त्या घरच्या घरी कशा तपासाव्यात हे इथे तपशिलाने दिले आहे.

थोड्या वॅटवर मोठी जागा भरून काढणे ही जुनी विद्या आहे. १९३० च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ९१ क्रमांकाचा ॲम्प्लिफायर अमेरिकेतील लहान चित्रपटगृहांत वापरला जाई. त्यातून मिळत सुमारे ८ वॅट, तेही ३०० मालिकेतल्या एकाच ट्रायोडमधून, म्हणजे तीन इलेक्ट्रोडांच्या व्हॉल्व्हमधून. त्या काळी वॅट महाग होता, त्यामुळे स्पीकरच इतके कार्यक्षम बनवले जात की ८ वॅट पुरावेत. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न १९४६ चा. कंपनी त्याची संवेदनशीलता १०५ डेसिबल सांगते. आज व्हॉल्व्हसाठी संवेदनशील स्पीकर शोधणारे लोक याच परंपरेत येतात.

संवेदनशीलतेचा आकडा कसा वाचावा

स्पीकरला ठरावीक विद्युतशक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर जी आवाजाची पातळी मिळते, ती त्याची संवेदनशीलता. हा आकडा दोन रीतींनी छापतात, कधी १ वॅटला, तर कधी २.८३ व्होल्टला. ८ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट म्हणजे नेमका १ वॅट, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. ४ ओहमच्या स्पीकरवर मात्र तेवढ्याच व्होल्टेजला २ वॅट खर्च होतात, म्हणून २.८३ व्होल्टला ९५ डेसिबल सांगितलेला ४ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने ९२ डेसिबलचा समजावा. शिवाय काही उत्पादक खोलीच्या भिंतींनी वाढवलेला आवाजही या आकड्यात धरतात आणि स्वतंत्र मोजणीत तोच स्पीकर काही डेसिबल खाली उतरतो. मोजणीचा स्वतंत्र अहवाल हाती नसेल तर छापील आकड्यातून ३ डेसिबल वजा करून पुढे जाणे शहाणपणाचे.

वॅटचा हिशेब

तीन मीटर अंतरावर बसून ऐकायचे आहे असे धरू. मोकळ्या जागेत एक मीटरवरून तीन मीटरवर गेल्यास साडेनऊ डेसिबल कमी होतात. पण दोन स्पीकरची बेरीज आणि भिंतींवरून परतणारा आवाज मिळून त्यातले सुमारे सहा डेसिबल साध्या खोलीत परत मिळतात. म्हणजे ९५ डेसिबलचा स्पीकर प्रत्येकी १ वॅटला आपल्या खुर्चीपाशी ९१ ते ९२ डेसिबल देईल. घरात मन लावून ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास असते आणि तबल्याच्या थापेसारखे क्षणिक आघात तिच्या वर वीसेक डेसिबल जातात. त्या ९५ डेसिबलसाठी प्रत्येक बाजूला अडीच वॅटच्या आतच काम होते. तोच हिशेब ८६ डेसिबलच्या स्पीकरला लावला तर वीसेक वॅट लागतात.

शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे ८ आणि १० वॅटमधला फरक पुरता १ डेसिबलही नसतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. मात्र ते वॅट किती विकृतीला, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये किती बिघाड होत असताना, मोजले आहेत हे विचारावे. फीडबॅक (आउटपुटचा काही अंश उलटवून इनपुटला परत देणे) नसलेल्या सिंगल-एंडेड, म्हणजे पूर्ण लहर एकट्याने हाताळणाऱ्या, ट्रायोडमध्ये विकृती आवाजाबरोबर हळूहळू चढत जाते, आणि ‘८ वॅट’ हा आकडा कोणी ५ टक्के विकृतीला, तर कोणी १० टक्के विकृतीला देतो. संवेदनशील स्पीकरचा लाभ इथेच दिसतो, कारण बहुतेक गाणे पहिल्या अर्ध्या-एक वॅटमध्येच होते आणि तिथे अशा ॲम्प्लिफायरची विकृती अगदी थोडी असते.

आउटपुट इंपीडन्स

या निवडीतला सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असते, पण तो आकडा नावापुरता असतो. प्रत्यक्षात इंपीडन्स कंप्रतेनुसार बदलतो. एकाच स्पीकरमध्ये तो कुठे ४ ओहमपर्यंत उतरतो, तर कुठे ३० ओहमपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स बहुधा ०.१ ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे त्याला या चढउतारांशी देणेघेणे नसते. फीडबॅक नसलेल्या ३००बी (वर आलेल्या ३०० मालिकेतलाच ट्रायोड) ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स मात्र २ ते ३ ओहम असू शकतो, आणि मग व्होल्टेजची वाटणी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यात होते.

३ ओहमचे उदाहरण घेऊ. स्पीकर ४ ओहम असेल त्या कंप्रतेला सुमारे ४.९ डेसिबल घट होते आणि ३० ओहम असेल तिथे जेमतेम ०.८ डेसिबल. दोन्हींत फरक पडला ४ डेसिबलचा, म्हणजे कोणीतरी टोन कंट्रोल फिरवून ठेवल्यासारखा आणि सहज ऐकू येईल एवढा. आउटपुट इंपीडन्स ०.५ ओहम असेल तर हाच फरक ०.९ डेसिबलवर येतो.

हा फरक ऐकताना कुठे जाणवतो हे आपल्या संगीतावरून चांगले कळते. छिद्र असलेल्या, म्हणजे बास-रिफ्लेक्स पेटीच्या इंपीडन्स आलेखावर खालच्या पट्टीत दोन उंच शिखरे असतात. जास्त आउटपुट इंपीडन्सचा ॲम्प्लिफायर त्या जागी आवाज वाढवतो, आणि वरचे शिखर जर बायाच्या घुमाऱ्याच्या टापूत आले तर प्रत्येक घिस्सा फुगल्यासारखा, एकाच सुराकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. या दोन्हींखेरीज आणखी एक शिखर बहुधा वूफर आणि ट्वीटर यांच्या सांध्यापाशी, साधारण १ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान येते. तिथे गायकाचा आवाज पुढे येतो, तानपुऱ्याची जवारी अधिक चमकते आणि हार्मोनियम कर्कश होऊ लागते. पुष्कळांना पहिल्या ऐकण्यात ही चमक ‘व्हॉल्व्हचा जिवंतपणा’ वाटते आणि महिन्याभराने तिचाच त्रास होऊ लागतो.

म्हणून स्पीकरचा इंपीडन्स आलेख मिळवणे ही पहिली पायरी. तो सपाट असेल आणि ६ ओहमच्या खाली जात नसेल तर फीडबॅक नसलेला सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर निःशंकपणे लावावा. तो डोंगराळ असेल किंवा ४ ओहमच्या खाली उतरत असेल (संवेदनशीलता ९८ डेसिबल असूनही असे उतरणारे मोठे टॉवर स्पीकर बाजारात आहेत) तर थोडा फीडबॅक असलेला, बहुधा पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह जोडीने, एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात असा) ॲम्प्लिफायर घ्यावा. ‘फीडबॅक म्हणजे वाईट’ हे वाक्य ऐकून घाबरू नये. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला ॲम्प्लिफायर आणि १९५३ चा क्वाड २ हे दोन्ही फीडबॅकवरच उभे होते, आणि त्यांना आजही मान आहे.

ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स विक्रेत्याला ठाऊक नसेल तर तो मोजता येतो. ८ ओहमचा आणि १६ ओहमचा, १०-१० वॅटचे दोन रोधक, एक मल्टीमीटर आणि मोबाइलवर ४०० हर्ट्झचा अखंड सूर एवढे पुरते. ८ ओहमच्या टॅपवर (ॲम्प्लिफायरमागच्या स्पीकर जोडण्याच्या टर्मिनलवर) ८ ओहमचा रोधक जोडून मल्टीमीटरवर नेमका १ व्होल्ट येईपर्यंत आवाज चढवावा. मग ॲम्प्लिफायर बंद करून, व्हॉल्यूमचे बटण न हलवता, १६ ओहमचा रोधक जोडावा आणि पुन्हा वाचन घ्यावे. ते १.०३ व्होल्ट आले तर आउटपुट इंपीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि १.१६ व्होल्ट आले तर ३ ओहमच्या आसपास असतो. रोधक बदलताना ॲम्प्लिफायर बंद करण्याचे कारण नीट लक्षात ठेवावे. स्पीकर किंवा रोधक न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांत व्होल्टेज बेसुमार चढते, ठिणगी पडते आणि ट्रान्सफॉर्मर कायमचा निकामी होऊ शकतो.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लोथर या ब्रिटिश कंपनीच्या ड्रायव्हरसारख्या फुल-रेंज ड्रायव्हरचे चुंबक फार शक्तिशाली असते आणि ते कोनाला इतके घट्ट धरते की ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर त्याचा खालचा आवाज कोरडा, रोडावलेला वाटतो. अशा ड्रायव्हरच्या मागे ३ ओहम आले की ही पकड सैल होते. ज्याचा विद्युत क्यू (या पकडीचा आकडा, तो जितका कमी तितकी पकड घट्ट) ०.३० आणि गुंडाळीचा रोध ६ ओहम आहे, त्याचा क्यू ०.४५ होतो आणि बास भरतो. या जातीच्या स्पीकरला फीडबॅक नसलेला ट्रायोडच शोभतो, आणि त्यांचा नावलौकिक वाढला तो याच जोडीवर.

टॅपबद्दल थोडे. ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप असतील तर स्पीकरच्या नावावरून न ठरवता त्याच्या आलेखातल्या सर्वांत खालच्या आकड्यावरून सुरुवात करावी. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर लावल्यास कमाल शक्ती घटते. पण व्हॉल्व्हला हलका भार मिळतो, विकृती कमी होते आणि आउटपुट इंपीडन्सही साधारण निम्मा होतो. संवेदनशील स्पीकरवर शक्ती शिल्लकच असते, तेव्हा हा सौदा पुष्कळदा फायद्याचा ठरतो. याच्या उलट, ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या टॅपवर लावू नये.

शांतता

साध्या स्पीकरवर जो ॲम्प्लिफायर निःशब्द वाटतो, तोच १०० डेसिबलच्या हॉर्नवर रात्री दहा वाजता गुणगुणताना ऐकू येतो. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट हम, म्हणजे विजेची गुणगुण, असेल तर तो २.८३ व्होल्टच्या खाली ६९ डेसिबल आहे, म्हणजे १०० डेसिबलच्या स्पीकरसमोर एक मीटरवर ३१ डेसिबल. हाच हम ८६ डेसिबलच्या स्पीकरवर १७ डेसिबल होतो आणि पंख्याच्या आवाजात बुडून जातो. हम ५ मिलिव्होल्ट असेल तर हॉर्नवर ४५ डेसिबलची पातळी येते, आणि विलंबित ख्यालातली सुरुवातीची आलापी त्या घरघरीवरच ऐकावी लागते.

हमची जातही पाहावी. ५० हर्ट्झच्या सुराला कान बराच मंद असतो, त्यामुळे तो मोजता आला तरी त्रास देईलच असे नाही. रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची असते. ती आणि तिच्या वरचे स्वर मात्र कानाला चटकन लागतात. २ए३ आणि ३००बी या ट्रायोडांचे फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, हेच त्यांचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असल्याने त्याला एसी पुरवठा दिला की हम आत शिरतो. २ए३ चे फिलामेंट अडीच व्होल्टचे असल्याने एसीवर ते बहुधा निभावते, ५ व्होल्टच्या ३००बीवर काम अवघड होते. ९८ डेसिबलच्या वरच्या स्पीकरसाठी ३००बी घेताना फिलामेंटला डीसी पुरवठा आहे का हे विचारावे. एसी असेल तर हम कमी करण्याचे छोटे पोटेन्शिओमीटर बाहेरून फिरवता येते का हे पाहावे.

तपासणी सोपी आहे. इनपुट शॉर्ट करावे, व्हॉल्यूम शून्यावर आणावा, स्पीकर जोडलेलाच ठेवावा आणि त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी मिलिव्होल्ट वाचावेत. १ मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ९५ डेसिबलपर्यंत २ चालेल, त्यापुढे नकार द्यावा. इनपुटला डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल बनवणारे यंत्र) किंवा फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल) जोडल्यावरच हम सुरू होत असेल, तर दोष ॲम्प्लिफायरचा नसून बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. तो वेगळा सोडवावा. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नाही, तो जिवावर बेतू शकतो.

गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो याचा, प्रश्नही इथलाच. आजचे डॅक २ व्होल्ट देतात. ८ ओहमवर ८ वॅट म्हणजे ८ व्होल्ट, म्हणजे खरे तर चौपट वाढवले तरी पूर्ण शक्ती मिळते. पण पुष्कळ ॲम्प्लिफायर अर्ध्या व्होल्टलाच पूर्ण शक्ती देतात, म्हणजे सोळापट वाढवतात. संवेदनशील स्पीकरवर मग व्हॉल्यूमचे बटण जरासे हलवले की खोली भरते, आणि त्या तळाच्या टप्प्यात पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्या बाजू नीट जुळत नसल्याने गायक मध्यातून सरकतो. इनपुट संवेदनशीलता १ ते २ व्होल्टच्या दरम्यान असलेला ॲम्प्लिफायर निवडावा, आणि वेगळा प्रीॲम्प्लिफायर गरज नसताना घेऊ नये.

कोणता व्हॉल्व्ह

एवढे झाल्यावर व्हॉल्व्हची निवड बरीच आपोआप होते. १०० डेसिबलच्या पुढे आणि लहान खोलीत ४५ या ट्रायोडचे दीड-दोन वॅट किंवा २ए३ चे साडेतीन वॅट पुरतात, आणि त्यांच्या आवाजातली स्वच्छता मला ३००बीपेक्षाही अधिक भावते. ९५ ते १०० च्या दरम्यान ३००बीचे ८ वॅट ही सुरक्षित निवड आहे. ९० ते ९४ च्या टापूत मात्र ईएल८४ च्या जोडीवर चालणारा १०-१५ वॅटचा पुश-पुल ॲम्प्लिफायर घ्यावा असा माझा ठाम सल्ला आहे; ३००बीच्या नावाला भुलून इथे पैसे घालवू नयेत. पुश-पुलमध्ये पुरवठ्यातला हम मोठ्या प्रमाणात आपसांत रद्द होतो, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर डीसीचा भार येत नाही आणि हे व्हॉल्व्ह सहज, स्वस्तात मिळतात. ईएल८४ आपल्या घरांतल्या जुन्या रेडिओंमध्येही असे. ८४५ या मोठ्या ट्रायोडचे वीसेक वॅट आकर्षक वाटतात, पण त्यात हजार व्होल्टच्या आसपास दाब खेळतो. लहान मुले असलेल्या घरात जाळीच्या झाकणाशिवाय तो नको.

व्हॉल्व्हच्या ब्रँडपेक्षा आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे अधिक लक्ष द्यावे. सिंगल-एंडेड रचनेत त्यातून सतत डीसी वाहत असल्याने गाभ्यात फट ठेवावी लागते, आणि बास टिकवायचा तर गाभा मोठा हवा. म्हणून ‘१ हजार हर्ट्झला किती वॅट’ याबरोबर ‘४० हर्ट्झला किती वॅट’ हेही विचारावे. आकडा अर्ध्याहून खाली घसरत असेल तर तिथे लोखंडात काटकसर झाली आहे. साधे व्हॉल्व्ह आणि चांगला ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प्लिफायर पुढे स्लोव्हाकियातील जेजे, रशियातील सारातोव्ह येथील कारखाना किंवा चिनी उत्पादकांचे चांगले व्हॉल्व्ह घालून सुधारता येतो. दुबळा ट्रान्सफॉर्मर मात्र जन्मभर तसाच राहतो.

आपल्याकडची वीज

आयात केलेल्या कित्येक ॲम्प्लिफायरांवर २२० व्होल्ट लिहिलेले असते. आपल्याकडे पुरवठा २३० चा असला तरी रात्री उशिरा तो २४० च्या पुढे गेलेला सहज दिसतो. २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४० मिळाले की ६.३ व्होल्टचे हीटर ६.८७ व्होल्टवर चालतात आणि प्लेटचा दाबही ९ टक्क्यांनी चढतो. व्हॉल्व्हचे आयुष्य तिथेच आटते. २३० किंवा २४० चा टॅप असलेले मॉडेल मागावे. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर सर्व्हो जातीचा घ्यावा, कारण रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना स्पीकरमध्ये टक असा आवाज सोडतो. अमेरिकेहून परतताना तिथला १२० व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणणाऱ्यांनी केवळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर विसंबू नये. तिथली वीज ६० हर्ट्झची असते, आणि फक्त तिच्यासाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर आपल्या ५० हर्ट्झला २० टक्के अधिक चुंबकीय भार पडून तो तापतो. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेले असेल तरच आणावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत सॉकेटचे संपर्क काळे पडतात, तेव्हा वर्षातून एकदा, ॲम्प्लिफायर पूर्ण थंड असताना, व्हॉल्व्ह काढून पिना स्वच्छ कराव्यात. तळाचे झाकण मात्र घरी उघडू नये. बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांत प्राणघातक दाब काही काळ टिकून राहतो.

ऐकून पाहताना

ऐकणे आपल्याच स्पीकरवर, शक्य तर आपल्याच खोलीत व्हावे, कारण या जोडीत ॲम्प्लिफायरचा स्वतःचा असा स्वभाव नसतो. तो स्पीकरबरोबर ठरतो. ॲम्प्लिफायर अर्धा तास तापू द्यावा. दोन ॲम्प्लिफायरांची तुलना करताना ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज सारखे करून घ्यावे. एक डेसिबलने मोठा वाजणारा नेहमीच अधिक चांगला वाटतो. आधी संथ आलाप घ्यावा आणि तानपुऱ्याच्या चारही तारा अलग कानावर येतात का ते पाहावे. मग स्वतंत्र तबलावादन घ्यावे, आणि बायाचे वेगवेगळ्या उंचीचे घुमारे वेगळे राहतात की सगळे एकाच सुरात मिसळतात हे ऐकावे. शेवटी भरगच्च वाद्यवृंद नेहमीपेक्षा थोडा मोठ्याने लावावा. आवाज चढत असतानाही मंच, म्हणजे वाद्ये पसरलेली भासतात तो विस्तार, आकसत असेल तर शक्ती अपुरी पडत आहे.

सौदा ठरल्यास मेन्सचे व्होल्टेज, दिलेले टॅप, बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह ठरवणारा दाब) स्वयंचलित आहे की हाताने लावायचा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची हमी किती वर्षांची, या चार गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात.